आवाज बाहेर जाता कामा नये

डेलिथ कामावर निघताना दारात उभी राहून रोज तेच तेच सांगायची, आणि नेरिस रोज ते पहिल्यांदाच ऐकतेय अशी मान डोलवायची.

"पुढच्या खोलीतला दिवा लावायचा नाही. टीव्ही हळू. शेगडीला हात लावायचा नाही. दार वाजलं तर?"

"उघडायचं नाही."

"कोणी का असेना?"

"कोणी का असेना."

"आणि शाळेत कोणी विचारलं तर?"

"आई संध्याकाळी घरीच असते."

"शहाणी माझी." मग डेलिथ वाकून धाकट्या लौरीचा मुका घ्यायची आणि खालच्या वळणावरची बस गाठायला उतारावरून जवळजवळ पळतच सुटायची. नेरिस आतून कडी लावायची, साखळी लावायची, आणि दोन्ही नीट लागल्यात ना ते पुन्हा एकदा ओढून बघायची.

नोव्हेंबरात त्या खोऱ्यात चार वाजताच अंधारून येतं. समोरचा डोंगर आधी निळा होतो, मग काळा, मग दिसेनासाच होतो. मागच्या स्वयंपाकघरात एक दिवा लावून दोघी बहिणी बसायच्या. नेरिस बारा वर्षांची, लौरी पाचाची. टोस्टवर गार बीन्स घालून खायच्या. लौरी चित्रं काढायची आणि नेरिस अभ्यासाचं पुस्तक उघडून कान दाराकडे लावून बसायची. पायरीवर पाय वाजला की ती लौरीच्या हातातला खडू धरून ठेवायची. पाय पुढे गेले की सोडायची.

आधी असं नव्हतं. आधी शाळा सुटल्यावर दोघी टेकडीवरच्या मुलांच्या केंद्रात जायच्या. तिथे बेव नावाची एक जाडजूड, मोठ्यांदा हसणारी बाई सगळ्यांना सूप द्यायची, गृहपाठ करून घ्यायची, आणि कोणाची आई उशिरा आली तरी कुरकुर करायची नाही. उन्हाळ्यात कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, सांगितलं की वरून पैसाच येत नाही, आता केंद्र चालवणं परवडत नाही. सुट्टी संपून मुलं परत गेली तेव्हा खिडक्यांवर फळ्या ठोकलेल्या होत्या.

त्याच सुमारास लौरीला पाच वर्षं पूर्ण झाली. रोजगार कार्यालयातल्या माणसाने डेलिथला सांगितलं, धाकटी पाचाची झाली, आता घरी बसायची सवलत संपली, मिळेल ते काम धरायचं. मिळालं ते खोऱ्याच्या तोंडाशी असलेल्या सँडविचच्या कारखान्यात, संध्याकाळच्या पाळीचं. डेलिथ म्हणाली, "अहो, पण पोरींना कोण बघणार?" त्यावर तो म्हणाला, "ते तुमचं तुम्ही बघा. नाही म्हणालात तर तशी नोंद करावी लागेल."

नोंद म्हणजे काय ते त्या घरात समजावून सांगावं लागत नव्हतं. आदल्या हिवाळ्यात लौरीला उलट्या झाल्या म्हणून डेलिथ कार्यालयातल्या एका भेटीला उशिरा पोचली होती, आणि तेवढ्यावरून त्यांचे सरकारी मदतीचे पैसे थांबवले होते. ख्रिसमस तसाच गेला. विजेच्या मीटरमध्ये आगाऊ भरायला पैसे नसायचे म्हणून तिघी कोट घालून एका अंथरुणात झोपायच्या. चॅपेलमधून डबाबंद जेवणाची पेटी यायची. आई म्हणायची, मी आत्ताच खाल्लं बाई, तुम्ही खा. रिकाम्या पोटी माणसाच्या तोंडाला वेगळाच वास येतो. आईने गुड नाइट म्हणत गाल जवळ आणला की नेरिसला तो वास यायचा आणि ती डोळे मिटून घ्यायची.

म्हणून डेलिथने काम धरलं, आणि म्हणून कडी, साखळी, हळू टीव्ही. नेरिसच्या वर्गातल्या ग्वेनोच्या मावसभावंडांची गोष्ट तर सगळ्या शाळेला ठाऊक होती. त्यांची आई अशीच पोरांना एकटं ठेवून जायची. कोणीतरी फोन केला. कौन्सिलची गाडी आली आणि दोघांना दोन वेगवेगळ्या गावी, वेगवेगळ्या लोकांकडे नेऊन ठेवलं. "धाकटा अजून रोज अंथरूण ओलं करतो," ग्वेनो म्हणाली होती, चिप्स खाता खाता.

फोन कोण करेल याबद्दल नेरिसच्या मनात शंका नव्हती. भिंतीपलीकडे राहणाऱ्या मिसेस प्रोबर्ट. साठीला टेकलेली, एकटी, सदा पडद्याआड उभी राहून रस्ता न्याहाळणारी बाई. कोपऱ्यावरच्या बेननच्या घरी सरकारी मदतीची तपासणी करणारी माणसं आली ती तिच्याच फोनमुळे, असं सगळी आळी म्हणायची.

आणि नेरिसकडे तर कॉर्नेट होतं.

शाळेच्या कपाटातून मिळालेलं जुनं पितळी कॉर्नेट, ट्रम्पेटचं बुटकं भावंड. एका कडेला पोचा आलेलं. गावच्या बँडचे एम्लिन सर आठवड्यातून एकदा शाळेत शिकवायला यायचे. पूर्वी खाणीत काम केलेला माणूस, बोटं जाडजूड, पण कॉर्नेटच्या कळांवर ती अशी पडायची की बघत राहावं. ज्यांना शाळेत फुकट जेवण, त्यांना शिकवणीही फुकट, असा नियम होता. नेरिसने पहिल्याच दिवशी फुंकर मारली तेव्हा वर्गातली पोरं दचकली आणि सर खो खो हसले.

"अगं पोरी, एवढुशी तू आणि एवढा श्वास ठेवतेस कुठे? डोंगरापलीकडच्या गाईसुद्धा माना वर करतील!"

त्या दिवसापासून नेरिसला आयुष्यात काय करायचं ते कळलं होतं. बाकीच्या मुली रोज नवं काहीतरी ठरवायच्या, आज केस कापणारी, उद्या जनावरांची डॉक्टर. नेरिस काही बोलायची नाही. रात्री अंथरुणात ती पोटावर बोटं ठेवून कळा दाबायची. कार्डिफमध्ये मोठं संगीत महाविद्यालय आहे, काचेच्या भिंतींचं, असं सर म्हणाले होते. काचेतून आत वाजवणारी माणसं दिसतात म्हणे, आणि बाहेरून जाणारे-येणारे थांबून बघतात.

ऑक्टोबरात एकदा सरांनी तिला वर्ग सुटल्यावर थांबवलं.

"नेरिस, एक वाईट बातमी आहे आणि एक बरी. आधी कोणती?"

"वाईट."

"नाताळानंतर फुकट शिकवणी बंद. वाद्यंही परत घेणार. कौन्सिलनेच हात वर केलेत." त्यांनी घसा खाकरला. "आता बरी ऐक. सगळ्या परगण्याचा मुलांचा बँड आहे. चाचणी घेऊन मुलं निवडतात. निवड झाली तर शिकवणी त्यांची, वाद्य त्यांचं, जाण्यायेण्याची बसही त्यांची. डिसेंबरात चाचणी. तुझं नाव देऊ?"

नेरिसला एकदम रडू यायला लागलं आणि हसूही. "द्या."

"मग रोज घरी वाजवायचं. रोज. नुसती बोटं चालून भागत नाही, छातीला सवय लागते."

घरी वाजवायचं म्हणजे कधी? आई घरात असे ती सकाळ, आणि सकाळी शाळा. उरली संध्याकाळ. नेरिसने कॉर्नेटच्या तोंडात लोकरीचा मोजा कोंबला, लौरीला जिन्याखालच्या सांदीत बसवलं आणि आपणही तिथेच कोटांच्या गर्दीत बसून अगदी हलके वाजवू लागली. आवाज असा यायचा जणू कोणीतरी उशीखाली तोंड घालून गातंय. तरी वाजायचं. आठवडाभर चाललं.

मग एका सकाळी डेलिथ कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवून आत आली ती पांढरीफटक पडून.

"ती प्रोबर्ट भेटली. म्हणते, पोरगी संध्याकाळी छान वाजवते हं तुमची. आणि वर म्हणते, तुम्ही असता का हो संध्याकाळी? तुमचा आवाज नाही येत कधी."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? म्हटलं, असते, डोकं दुखतं म्हणून पडलेली असते." डेलिथने खुर्चीचा आधार घेतला. "नेरिस, आवाज बाहेर जाता कामा नये. कळतंय का तुला? एक फोन, फक्त एक, आणि तुम्ही दोघी..."

"मी अजून हळू वाजवेन."

"हळू नाही. अजिबात नाही."

"आई, चाचणी आहे!"

"मला माहीत आहे चाचणी आहे!" डेलिथ किंचाळली, आणि लगेच भिंतीकडे बघून तिने आपल्याच तोंडावर हात ठेवला. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मला काय हौस आहे का गं?" तिने कॉर्नेट उचललं, तोंडाला लावायचा पितळी तुकडा फिरवून काढला आणि आपल्या कोटाच्या खिशात टाकला. "शाळेत सरांचा तास असेल त्या दिवशी देईन."

त्यानंतर संध्याकाळी नेरिस नुसत्या कळा दाबत बसायची. तुकड्याशिवाय कॉर्नेटमधून काही निघत नाही, फक्त कळांचा टकटक आवाज. तिला तोही मोठा वाटायचा.

*

त्या दिवशी वारा होता. खोऱ्यात वारा शिरला की घराघरांची पन्हळं खडखडतात, त्यामुळे पायरीवरचा पाय नेरिसला ऐकूच आला नाही. एकदम दारच वाजलं.

तीन ठोके, भक्कम. पुरुषाच्या हाताचे.

नेरिसने दिवा घालवला, लौरीचा हात धरून तिला ओढतच पुढच्या खोलीतल्या सोफ्यामागे नेलं आणि दोघी भिंत आणि सोफा यांच्या फटीत घुसल्या. तिथे वर्षानुवर्षांची धूळ होती.

पुन्हा ठोके. मग वाऱ्यातून आवाज आला, "मिसेस पुग?"

मिसेस पुग! आळीत आईला अशी हाक कोणीच मारत नसे. सगळ्यांची ती डेलिथ. मिसेस पुग म्हणायचे ते फक्त कार्यालयातले लोक.

"ताई, कोण आहे?" लौरी कुजबुजली.

"शू. श्वाससुद्धा घेऊ नकोस."

दारातल्या पत्रं टाकायच्या फटीची झडप वर उचलली गेली. टॉर्चचा प्रकाश आत आला आणि चटईवरून, दाराशी काढून ठेवलेल्या लौरीच्या बुटांवरून, भिंतीवरून हळूहळू फिरला. पडद्यांच्या कडेला टोपीची सावली हलली. मग पावलं घराला वळसा घालून मागे गेली आणि मागच्या दाराची मूठ खालीवर झाली. एकदा. दोनदा. कडी लावली होती ना? लावली होती. नक्की? नेरिसला काही केल्या आठवेना. तिने लौरीचं तोंड आपल्या छातीशी दाबून धरलं आणि डोळे गच्च मिटले. आत्ता दार उघडेल, आत्ता कोणीतरी म्हणेल, चला पोरींनो, कोट घाला. लौरीला कुठे नेतील? तिला कोणी सांगेल का, की हिला दिवा बंद केला की झोप लागत नाही?

पावलं दूर गेली. खाली कुठेतरी गाडी सुरू झाली.

तरीही नेरिस उठली नाही. परत आले तर? बराच वेळ ती तशीच बसून राहिली, आणि मग तिच्या लक्षात आलं की छातीशी धरलेली लौरी शिट्टीसारखा आवाज काढतेय.

लौरीला दमा होता. थंडीत, धुळीत तो उठायचा, पण पंपाचे दोन झोत घेतले की बसायचा. नेरिसने तिला ओढून बाहेर काढलं, स्वयंपाकघरात आणलं, दिवा लावला. लौरीचे खांदे कानांपर्यंत वर चढले होते. गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. नेरिसने फडताळातून निळा पंप काढला, तिच्या तोंडाला लावला आणि दाबला. फुस्. पुन्हा दाबला. फुस् सुद्धा नाही.

नवा पंप औषधाच्या दुकानात तयार होता. फुकटच मिळतो, नुसता जाऊन आणायचा. पण दुकान उघडं असे तेव्हा आई एक तर झोपलेली असे, नाही तर रोजगार कार्यालयात, नाही तर बसमध्ये. उद्या आणते, उद्या आणते म्हणत राहिलं होतं.

नेरिसने आईला फोन लावला. वाजला, वाजला, थांबला. पाळीवर फोन कपाटात ठेवावे लागत. पुन्हा लावला. पलीकडे कुठेतरी बंद कपाटात, कोटाच्या खिशात तो वाजत असणार.

"सरळ बस. माझ्याकडे बघ, लौरी. माझ्याबरोबर घे. आत. बाहेर. पोट फुगव, सर शिकवतात तसं." लौरीने मान हलवली. तिला बोलता येत नव्हतं. ओठ कडेने निळसर झाले होते, आणि ती नेरिसकडे अशी बघत होती की हिला सगळं येतं, ही आता काहीतरी करेल.

नऊ, नऊ, नऊ. ॲम्ब्युलन्स बोलवायला तीनदा तेच बटण दाबायचं, एवढंच. नेरिसचं बोट त्यावर होतं. पण ते विचारतील, आई कुठे आहे? आणि मग गाड्या दोन येतील. एक लौरीला नेणारी आणि एक तिला. आईला तुरुंगात घालतील का? एखादं मिनिट थांबावं का? बसेल का आपोआप? असं मनात चालू असतानाच लौरीचं डोकं मागे गेलं, आणि नेरिसने फोन टाकला, ओट्यावरचं पातेलं उचललं आणि भिंतीवर दणादणा आपटायला सुरुवात केली. ज्या भिंतीपाशी इतके दिवस श्वास रोखून बसली होती त्याच भिंतीवर, गिलावा उडेपर्यंत.

"मिसेस प्रोबर्ट! मिसेस प्रोबर्ट! या हो!"

मिसेस प्रोबर्ट सपाता घालूनच आल्या. नेरिस साखळी काढायला गेली ती दोनदा हातातून निसटली. बाईने लौरीकडे एक नजर टाकली आणि खिशातला फोन काढला. पत्ता सांगितला, मूल म्हणून सांगितलं, ओठ निळे म्हणून सांगितलं, आणि फोन कानाखांद्यात धरून लौरीला मांडीवर ताठ बसवलं.

"आई कुठे आहे तुझी?"

"दुकानात गेलीय," नेरिस म्हणाली. "आत्ता येईलच."

"पोरी, मी रोज बघते तिला बसला पळताना." बाईचा आवाज चढला नव्हता. "खोटं नंतर बोलू. आधी हिचा कोट आण."

*

दवाखान्यात लौरीच्या तोंडावर वाफेचा मास्क लावला, आणि थोड्याच वेळात तिच्या गालांवर रंग आला. नर्स म्हणाली, वेळेवर आणलंत. नेरिस खुर्चीत आपले हात मांड्यांखाली घालून बसली होती.

कारखान्यात निरोप गेल्यावर डेलिथ आली ती डोक्यावर कारखान्याची निळी जाळी तशीच ठेवून. धावत आली, नेरिसचे दंड धरले आणि विचारलं,

"काय सांगितलंस त्यांना?"

नेरिसने लौरीला ठेवलेल्या खोलीच्या दाराकडे बोट केलं.

"काय सांगितलंस, नेरिस? एकट्या होतात म्हणून सांगितलंस?"

मग डेलिथने आपण काय विचारलं ते ऐकलं बहुतेक. तिचा चेहरा एकदम विस्कटला. "लौरी," ती म्हणाली, "लौरी कशी आहे? अगं देवा, मी आधी काय विचारलं..." आणि ती तिथेच, ये-जा करणाऱ्या लोकांमध्ये, जमिनीवर बसली. मिसेस प्रोबर्ट तिच्या शेजारी वाकल्या, गुडघे धरत, आणि तिच्या डोक्यावरची निळी जाळी काढून त्यांनी आपल्या खिशात ठेवली.

कौन्सिलची बाई आली दोन दिवसांनी. तरुण होती, नाकाला सर्दी झालेली, आवाज मऊ. तिने फ्रिज उघडून पाहिला, अंथरुणं पाहिली, मग आईला स्वयंपाकघरात थांबायला सांगून नेरिससमोर बसली. नेरिसला त्या मऊ आवाजाचीच जास्त भीती वाटली. प्रत्येक प्रश्नाखाली काहीतरी लपवलेलं असणार, पाय पडला की संपलं.

"आई ओरडते का कधी?"

"नाही."

"भूक लागलेली असते का?"

"नाही."

"बरं, मजेचं काहीतरी विचारते. तुला काय आवडतं करायला?"

नेरिसने विचार केला. कॉर्नेट म्हटलं तर ही विचारेल, कधी वाजवतेस? आणि मग, कुठे? आणि मग, तेव्हा आई कुठे असते? "काही नाही," ती म्हणाली.

"काहीच नाही? मोठेपणी काय व्हायचंय?"

"सँडविचच्या कारखान्यात जायचंय," नेरिस म्हणाली. त्या क्षणी तिला ते सगळ्यात सुरक्षित उत्तर वाटलं. बाईने ते लिहून घेतलं, आणि लिहिताना क्षणभर थांबली.

मुलींना कोणी नेलं नाही. बाई म्हणाली, पुन्हा एकट्या ठेवायच्या नाहीत, मी येऊन बघेन. तेव्हा मिसेस प्रोबर्ट दारातूनच म्हणाल्या, "माझ्याकडे राहतील संध्याकाळच्या. पोरगा गेला स्वॉन्झीला, त्याची खोली रिकामी. ती रिकामी आहे म्हणून घरभाड्याच्या मदतीतले माझे पैसे कापतात मेले, तर निदान कोणाच्या उपयोगी तरी पडू दे." आणि बाई गेल्यावर त्या डेलिथला म्हणाल्या, "बेननच्या वेळी मी फोन केला नव्हता. सगळे काय बोलतात ते मलाही ऐकू येतं. मी आपली त्या पोरीचं वाजवणं ऐकायला भिंतीशी खुर्ची घेऊन बसायची. तेवढीच सोबत." डेलिथने त्यांना बसायला खुर्ची ओढली.

पण दोन दिवस दवाखान्यात गेले होते, आणि कारखान्याला माणसं पुरवणाऱ्यांनी डेलिथला परत बोलावलं नाही. ती पुन्हा रोजगार कार्यालयात जाऊन बसली. काम का सुटलं याची चौकशी होईपर्यंत पैसे थांबले.

एम्लिन सर शाळेत भेटले तेव्हा म्हणाले, "अगं, परवा वाऱ्यात तुमच्या घरी आलो होतो. चाचणी आठवडाभर अलीकडे आलीय, तेच सांगायचं होतं तुझ्या आईला. पुढून ठोकलं, मागे जाऊन बघितलं. सगळा अंधार."

नेरिस त्यांच्या जाडजूड बोटांकडे बघत राहिली.

*

चाचणी पाँटीप्रिथ गावातल्या एका सभागृहात होती. सरांनी आपल्या गाडीतून नेलं. डेलिथने आदल्या दिवशी तो पितळी तुकडा घासून लखलखीत केला होता आणि नेरिसच्या हातात ठेवताना म्हणाली होती, "उडवून टाक छप्पर." तिचं हसू ओढूनताणून आणलेलं होतं, पण आणलं होतं.

आत तीन परीक्षक होते. उंच छत, लाकडी जमीन. नेरिसने कॉर्नेट ओठांना लावलं, छाती भरून घेतली आणि वाजवायला लागली. बोटं बरोबर पडत होती. सूर बरोबर येत होते. पण आवाज येत होता तो जिन्याखालच्या कोटांमधला. बारीक, दबलेला.

"सुरेख," मधल्या परीक्षक बाई म्हणाल्या. "आता जरा मोकळं वाजव बघू. इथे शेजारीपाजारी कोणी नाही!" बाकीचे दोघे हसले.

नेरिसने पुन्हा श्वास घेतला. श्वास आत आला, पण बाहेर सोडायच्या वेळी मानेत काहीतरी आवळलं, आणि तिची नजर आपोआप दाराकडे गेली. तिला ते नको होतं. तिने नजर ओढून परत आणली, ती पुन्हा गेली. तिसऱ्यांदा तिने इतक्या जोरात फुंकलं की सूर फाटला, आणि तो फाटका आवाज छताला जाऊन आदळल्यावर ती अशी दचकली की कॉर्नेट हातातून सुटता सुटता राहिलं.

"काही हरकत नाही, बाळ," बाई हळूच म्हणाल्या. "बोटं फार छान आहेत. छाती उघडायला हवी. पुढच्या वर्षी नक्की ये."

परतताना पाऊस लागला. वायपर फिरत होते. नेरिसने विचारलं, "सर, पुढच्या वर्षी असेल का हा बँड?"

सरांनी स्टिअरिंगवरची पकड बदलली. "खोटं कशाला बोलू, पोरी? माहीत नाही. ह्या वर्षीचेच पैसे कसेबसे मिळालेत म्हणतात." मग म्हणाले, "तुझा तो पहिल्या दिवशीचा आवाज गेला कुठे गं?"

त्यांनी ते सहज विचारलं होतं, पण नेरिसने तोंड खिडकीकडे फिरवलं.

नाताळाआधी शाळेने कॉर्नेट परत घेतलं. मिसेस प्रोबर्ट डेलिथला म्हणाल्या की बँडच्या जुन्या लोकांकडे एखादं पडलेलं असेल, मी विचारते. एम्लिन सर म्हणाले, शनिवारी येत जा, माझं घे. नेरिस एकदा गेली, दुसऱ्यांदा पोट दुखतं म्हणाली, आणि तिसऱ्यांदा कोणी विचारलं नाही.

जानेवारीत एका सकाळी नेरिस लौरीला घेऊन वळणावरच्या थांब्यावर उभी होती. गर्दी होती. शाळेची पोरं, कामावर जाणाऱ्या बाया, रोजगार कार्यालयाकडे निघालेले दोन पुरुष. लौरीची तब्येत सुधारली होती, नवा पंप तिच्या दप्तरात होता, आणि ती एका पायावर उड्या मारत होती. लांबून भोंगा वाजवत ॲम्ब्युलन्स आली, निळा दिवा फिरवत चढावर गेली, आणि लौरी टाळ्या पिटत मोठ्यांदा ओरडली,

"ताई! मी मोठी झाले ना, की मी ती गाडी चालवणार! मीच! सगळ्यांना बाजूला करणार, पीं पीं पीं!"

नेरिसचा हात तिच्या नकळत उठला आणि लौरीच्या तोंडावर बसला.

"शू. हळू बोल."

लौरीने तो हात दोन्ही हातांनी खाली ओढला. तिला राग आला नव्हता, आश्चर्य वाटलं होतं. "का? कोण ऐकेल?"

नेरिसने आजूबाजूला पाहिलं. बाया फोनमध्ये बघत होत्या. पुरुष सिगारेट ओढत होते. पोरं एकमेकांना ढकलत होती. कोणाचंही लक्ष नव्हतं. तरी तिने लौरीला जवळ ओढलं, आणि कोण ऐकेल ते काही केल्या तिला सांगता येईना. बस आली. तिने लौरीचा हात घट्ट धरला आणि दोघी आत चढल्या.